फार्मास्युटिकल सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटन : व्यापाऱ्यांचा संघ की व्यवसायाची नियंत्रक संस्था?

औषधविक्रेत्यांच्या राष्ट्रीय संस्थेने कोणाचे हित पाहावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. सभासदांकडून वर्गणी घेणारी संस्था सभासदांचे हित पाहणार, हे उघडच आहे. परंतु तीच संस्था परीक्षा घेऊ लागली, विक्रेत्यांची नोंदवही ठेवू लागली, विषे विकणाऱ्यांवर खटले भरू लागली आणि पुढे आपल्याच सभासदांची नावे नोंदवहीतून काढू लागली, म्हणजे तिच्या स्वरूपाविषयी संशय उत्पन्न होतो. १८४१ साली लंडनमध्ये स्थापन झालेली फार्मास्युटिकल सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटन ही अशी संस्था होय. तिने ही दुहेरी भूमिका २०१० पर्यंत वागविली. त्या काळातील तिच्या बहुतेक सर्व वादांचे मूळ या दुहेरीपणातच सापडते. इंग्लंडमधील औषधव्यवसायाचे इतिहासकार सोसायटीच्या कार्याकडे बहुधा शिक्षणाच्या प्रगतीची कथा म्हणून पाहतात. ती कथा खोटी नाही. पण अपुरी आहे. न्यायालयांत सोसायटी जेथे जेथे हरली, ते प्रसंग अभ्यासिले असता तिच्या अधिकाराची खरी मर्यादा अधिक स्पष्ट दिसते.

इंग्लंडमध्ये वैद्यकीय व्यवसायाची उतरंड जुनी आहे. वर फिजिशियन, मध्ये सर्जन, आणि खाली औषधे तयार करून देणारा अपॉथेकरी. अपॉथेकरी पूर्वी किराणा व मसाल्याच्या व्यापाऱ्यांच्या संघात मोडत असत. १६१७ साली पहिल्या जेम्स राजाने त्यांस निराळी सनद दिली. पुढे अपॉथेकरी रोग्यास औषधाबरोबर सल्लाही देऊ लागले आणि फिजिशियनांच्या महाविद्यालयाने विल्यम रोझ नावाच्या अपॉथेकरीवर फिर्याद केली. खालच्या न्यायालयात रोझ हरला. परंतु १७०४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल फिरविला. या निकालाने अपॉथेकरी हळूहळू सामान्य वैद्य झाला. त्याने रिकामी केलेली जागा मात्र रिकामी राहिली नाही. औषधी द्रव्यांचे घाऊक व किरकोळ व्यापारी, ज्यांस केमिस्ट व ड्रगिस्ट म्हणत, ते त्या जागेवर आले. आपल्याकडील काष्ठौषधींच्या दुकानदाराप्रमाणेच ते मुळात व्यापारी होते. परीक्षा नाही, परवाना नाही. उमेदवारी करून शिकावे आणि दुकान घालावे, एवढीच त्यांची रीत होती. १८१५ च्या अपॉथेकरींच्या कायद्याने अपॉथेकरीस परीक्षा सक्तीची केली, परंतु केमिस्ट व ड्रगिस्ट यांच्या धंद्यास त्यातून वगळले. ही सवलत त्यांनी खटपट करून मिळविली होती. तिचा दुसरा अर्थ असा की, औषध तयार करून विकणाऱ्या एका मोठ्या वर्गाच्या ज्ञानाविषयी कायदा काहीच विचारीत नव्हता.

१८४१ साली ही सोय धोक्यात आली. लॅम्बेथचे पार्लमेंट सभासद बेंजामिन हॉज यांनी वैद्यकीय सुधारणेचे एक विधेयक मांडले. त्यातील तरतुदी लागू झाल्या असत्या तर दुकानाच्या फळीवरून खोकल्याला औषध सुचविणारा ड्रगिस्टही वैद्यकी करणारा ठरला असता. दुकानदारांत खळबळ उडाली. १५ एप्रिल १८४१ रोजी स्ट्रँडवरील क्राउन अँड अँकर या खानावळीत त्यांची सभा भरली आणि तीत सोसायटी स्थापन करण्याचा ठराव झाला. विल्यम अ‍ॅलन हे पहिले अध्यक्ष. ते क्वेकर पंथाचे, रॉयल सोसायटीचे फेलो, गुलामगिरीविरोधी चळवळीतील मान्यवर कार्यकर्ते आणि प्लाउ कोर्ट येथील प्रसिद्ध औषधालयाचे मालक होते. संस्थेचा खरा चालक मात्र ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील तरुण दुकानदार जेकब बेल हा होता.

बेलविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. कारण सोसायटीच्या पहिल्या अठरा वर्षांचा इतिहास हा बहुतांशी त्याच्या चिकाटीचा इतिहास आहे. १८१० साली जन्मलेला हा संपन्न क्वेकर व्यापारी चित्रांचा मोठा शौकीन होता. फ्रिथचे ‘डर्बी डे’ हे गाजलेले चित्र त्याने सांगून काढविले, आणि ते व लँडसीअरची काही चित्रे मृत्युपत्रान्वये राष्ट्रास दिली. त्याच्या घरी व्यवसायबंधूंची चहापानाची संमेलने भरत आणि त्यांत संस्थेचे बेत शिजत. हॉजचे विधेयक तर बारगळलेच. संकट टळल्यावर बचावासाठी जमलेले व्यापारी घरी जातात आणि संघ मोडतो, असा सर्वत्र अनुभव आहे. बेलने ओळखले की, पुढचे विधेयक येईल तेव्हा पार्लमेंटपुढे ‘आमचा धंदा जुना आहे’ एवढेच सांगून चालणार नाही; ‘आम्ही शिकलेले आहोत’ असे दाखवावे लागेल. म्हणून त्याने १८४१ सालीच ‘फार्मास्युटिकल जर्नल’ सुरू केले व ते हयातभर चालविले. १८४२ साली ब्लूम्सबरी स्क्वेअरमधील १७ क्रमांकाच्या वास्तूत संस्थेची शाळा उघडली. तेथे जोनाथन परेरा यांनी औषधी द्रव्यांवर व्याख्याने दिली आणि थिओफिलस रेडवुड यांनी रसायन व फार्मसी शिकविली. लवकरच प्रत्यक्ष प्रयोगांसाठी प्रयोगशाळाही उभी राहिली. १८ फेब्रुवारी १८४३ रोजी राजसनद मिळाली.

सनदेत संस्थेचे हेतू नमूद केलेले आहेत : रसायन व फार्मसी या विद्यांची उन्नती, व्यवसाय करणाऱ्यांस एकसारखे शिक्षण, केमिस्ट व ड्रगिस्ट यांच्या धंद्याचे संरक्षण, आणि विपन्न सभासद व त्यांच्या विधवा-अनाथांस साहाय्य. यांतील ‘संरक्षण’ हा शब्द पुढील सव्वाशे वर्षांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. कोणाचे, कशापासून आणि कोणत्या साधनांनी संरक्षण करावयाचे, हे सनदेने सांगितले नव्हते. ते न्यायाधीशांना सांगावे लागले.

शिक्षणाचा पाया घातल्यावर बेलने कायद्याकडे मोर्चा वळविला. परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनीच औषधे तयार करावीत असा कायदा त्याला हवा होता, आणि तो करवून घेण्यासाठी तो सेंट ऑल्बन्स मतदारसंघातून पार्लमेंटमध्ये गेला. या मतदारसंघाची कीर्ती विशेष चांगली नव्हती. तेथील मते विकत घेतली जात, आणि बेलच्या निवडणुकीतही लाचलुचपत झाल्याचे चौकशीत उघड झाले. १८५२ साली त्या गावाचा प्रतिनिधित्वाचा हक्कच काढून घेण्यात आला. व्यवसायाच्या नैतिक उन्नतीचा पुरस्कर्ता अशा मार्गाने सभागृहात शिरला, याचे चरित्रकारांस काहीसे अवघड वाटते. त्याचे विधेयकही छाटले गेले. धान्याच्या आयातीवरील निर्बंध नुकतेच, १८४६ साली, उठलेले होते. मुक्त व्यापार हे त्या पिढीचे तत्त्वज्ञान होते आणि कोणत्याही मक्तेदारीकडे पार्लमेंट संशयाने पाहत होते. परिणामी १८५२ च्या फार्मसी कायद्याने सोसायटीस परीक्षा घेण्याचा व नोंदवही ठेवण्याचा अधिकार दिला आणि ‘फार्मास्युटिकल केमिस्ट’ ही उपाधी परीक्षा झालेल्यांपुरती राखून ठेवली. धंदा मात्र सर्वांस मोकळा राहिला. उपाधी न लावता कोणीही दुकान घालावे, अफू विकावी, सोमल विकावा.

सोमलाविषयी तत्पूर्वी, १८५१ साली, एक स्वतंत्र कायदा झाला होता. सोमल विकताना विक्रीची नोंद करावी, गिऱ्हाईक ओळखीचे असावे, आणि थोड्या प्रमाणात विकावयाचा तर त्यात काजळी किंवा नीळ मिसळावी, असे त्याचे नियम होते. पांढरा सोमल दिसण्यात पिठासारखा वा साखरेसारखा असल्याने रंगाची ही युक्ती योजिलेली होती. विकणारा कोण असावा याविषयी मात्र कायदा मूक होता. या मौनाची किंमत १८५८ साली ब्रॅडफर्ड शहराने दिली. तेथील एक गोळ्या-मिठाई बनविणारा साखर वाचविण्यासाठी तीत ‘डॅफ’ नावाची स्वस्त पांढरी भुकटी, म्हणजे बहुधा जिप्सम, घालीत असे. ती आणण्यासाठी गेलेल्या माणसास ड्रगिस्टच्या दुकानातील नवख्या नोकराने चुकून दुसऱ्या पिंपातील बारा पौंड सोमल दिला. दुकानदार आजारी होता. पिंपावर नीट चिठ्ठी नव्हती. ऑक्टोबरच्या अखेरच्या शनिवारी त्या गोळ्या बाजारात विकल्या गेल्या. सुमारे वीस माणसे मेली व दोनशेच्या वर आजारी पडली. खटला भरला गेला, परंतु कोणासही शिक्षा झाली नाही. कारण कायद्याने निषिद्ध असे फारसे काही कोणी केलेच नव्हते.

ब्रॅडफर्डच्या दुर्घटनेमुळे कायदा झाला, असे सरसकट विधान करण्याचा प्रघात आहे. ते सावधपणे घ्यावे लागते. दुर्घटना १८५८ ची आणि फार्मसीचा निर्णायक कायदा १८६८ चा. मध्ये दहा वर्षे गेली. १८६० चा भेसळविरोधी कायदा त्या घटनेस अधिक जवळचा. औषधव्यवसायाच्या दृष्टीने तिचे महत्त्व निराळे होते. यापूर्वी सोसायटी ‘आमच्या धंद्यास मान द्या’ असे म्हणत होती; आता ती ‘जनतेचे प्राण अशिक्षित विक्रेत्यांच्या हाती आहेत’ असे म्हणू शकत होती. व्यापाऱ्याचे हित आणि लोकहित यांची भाषा येथे प्रथमच एक झाली. बेल हे पाहण्यास फार दिवस उरला नाही. १८५९ साली तो वारला.

१८६८ च्या कायद्याने ‘केमिस्ट’ व ‘ड्रगिस्ट’ याही उपाध्या नोंदणी झालेल्यांपुरत्या मर्यादित केल्या आणि परिशिष्टातील विषांची किरकोळ विक्री त्यांच्या हाती सोपविली. स्ट्रिक्निन, प्रुसिक अ‍ॅसिड, सोमल, बचनाग ही त्या यादीत होती. अफूही होती, परंतु तिच्यावरील निर्बंध सौम्य होते आणि पेटंट औषधे तर कायद्यातून सुटलीच, त्यामुळे अफूचा अंश असलेली कित्येक घरगुती औषधे पूर्ववत खपत राहिली. यादीत नवे विष घालण्याचा प्रस्ताव सोसायटीच्या कार्यकारी मंडळाने करावयाचा व प्रिव्ही कौन्सिलने मंजूर करावयाचा, अशी व्यवस्था होती. कायदा मोडणाऱ्यास पाच पौंड दंड ठरला आणि त्याच्यावर फिर्याद करण्याचे कामही सोसायटीकडे आले. जे आधीपासून धंद्यात होते त्यांची नोंद परीक्षेवाचूनच झाली. हे अपरिहार्य होते. चालता धंदा बंद करणारा कायदा त्या पार्लमेंटमध्ये संमत झाला नसता. म्हणून शिकलेल्यांची नोंदवही म्हणून जिचा गौरव होतो, ती प्रारंभी बव्हंशी न शिकलेल्यांचीच नोंदवही होती. एक पिढी गेल्यावरच तिला अर्थ आला.

याच नोंदवहीने एक अनपेक्षित प्रश्न उपस्थित केला. कायद्यात स्त्रियांस मनाई नव्हती; पती वा पित्याचे दुकान चालविणाऱ्या स्त्रिया धंद्यात होत्याच. परीक्षा देऊन उत्तीर्ण होणाऱ्या स्त्रिया १८७० च्या सुमारास पुढे आल्या. कायद्याने नोंद करावीच लागे, पण सोसायटीचे सभासदत्व देणे हे सनदेप्रमाणे मंडळाच्या हाती होते आणि मंडळ ते देईना. इझाबेला क्लार्क व रोझ मिनशल यांस सभासद करून घेण्यास १८७९ साल उजाडावे लागले. एकाच इमारतीत, त्याच मंडळींच्या हातून, नियामक म्हणून जे द्यावे लागे तेच संघ म्हणून नाकारले जाई, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही. पुढे १९४७ साली जीन अर्व्हिन या संस्थेच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या.

सोसायटीस सर्वांत मोठा धक्का १८८० साली बसला. लंडन अँड प्रोव्हिन्शियल सप्लाय असोसिएशन या कंपनीवर सोसायटीने फिर्याद केली होती : कंपनी नोंदणीकृत फार्मासिस्ट नाही, तरी तिने विषाची विक्री केली. हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की, कायद्यात ‘व्यक्ती’ हा शब्द आहे आणि येथे त्याचा अर्थ जिवंत मनुष्य असाच घेतला पाहिजे. कंपनी परीक्षेस बसू शकत नाही, म्हणून ती या कायद्याच्या निषेधात येत नाही. ज्या अडचणीमुळे कंपनीस धंद्यापासून दूर ठेवावे असे सोसायटीस वाटत होते, त्याच अडचणीने कंपनीस मोकळे केले. जो मनुष्य परीक्षा न देता दुकान घालील तो दंडास पात्र. त्याच मनुष्याने कंपनी स्थापून तिच्या नावाने दुकान घातले तर ती कंपनी निर्दोष.

नॉटिंगहॅमच्या जेसी बूटने या निकालाचा अर्थ इतरांपूर्वी ओळखला. रोख व स्वस्त विक्री हे त्याचे सूत्र होते. त्याने परीक्षा उत्तीर्ण झालेले फार्मासिस्ट पगारावर ठेवले, दुकानामागून दुकान उघडले, आणि १९३३ पर्यंत बूट्सच्या दुकानांची संख्या हजारावर गेली. सोसायटीच्या कल्पनेतील फार्मासिस्ट हा आपल्या दुकानाचा मालक, नगरातील प्रतिष्ठित गृहस्थ. नव्या व्यवस्थेत तो नोकर झाला. १९०८ च्या कायद्याने कंपन्यांस मान्यता देऊन त्यांच्या औषधविभागावर नोंदणीकृत अधीक्षक असावा एवढी अट घातली. ही तडजोड होती. पराभव लपविणारी तडजोड, असेही म्हणता येईल. तिचा एक परिणाम मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. यापुढे सोसायटीच्या सभासदांत मालक आणि नोकर असे दोन वर्ग पडले, आणि ‘सभासदांचे हित’ हा शब्दप्रयोग एकवचनी राहिला नाही.

हे १९२० नंतर प्रत्ययास आले. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने विमाधारक कामगारांच्या औषधचिठ्ठ्या सामान्यतः डॉक्टरांऐवजी फार्मासिस्टांकडे वळविल्या. या यशात विल्यम ग्लिन-जोन्स या पार्लमेंट सभासद असलेल्या फार्मासिस्टाचा वाटा मोठा होता. साहजिकच दर, वेतन, कामाचे तास या गोष्टी व्यवसायाच्या केंद्रस्थानी आल्या. सोसायटीने त्यांत लक्ष घालावे असे ठरत असता जेन्किन नावाच्या तिच्याच एका सभासदाने न्यायालयाकडून मनाई मिळविली. वेतन व नोकरीच्या शर्ती ठरविणे किंवा विम्याचा धंदा चालविणे हे १८४३ च्या सनदेच्या कक्षेबाहेर आहे, असा निकाल झाला. सनदेतील ‘संरक्षण’ या शब्दास न्यायालयाने घातलेले हे कुंपण. दुकानदारांनी १९२१ साली रीटेल फार्मासिस्ट्स युनियन ही निराळी संघटना काढली. हा निकाल सोसायटीस त्या वेळी कटू वाटला असला, तरी तिच्या प्रतिष्ठेस तो उपकारकच झाला असे म्हणणे प्राप्त आहे; कारण १९३३ साली पार्लमेंटने प्रत्येक नोंदणीकृत फार्मासिस्टास सोसायटीचे सभासदत्व सक्तीचे केले आणि शिस्तभंगाच्या चौकशीसाठी वैधानिक समिती नेमली. दरवाढीसाठी भांडणाऱ्या संघाच्या हाती कोणतेही सरकार अशी सत्ता सुखाने देणार नाही. त्या समितीचा अध्यक्षही प्रिव्ही कौन्सिलने नेमावयाचा होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

युद्धोत्तर काळातील दोन खटले केवळ उल्लेखून पुढे जाता येईल. १९५३ चा बूट्सविरुद्धचा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांस करारशास्त्रातील प्रस्ताव व स्वीकार यांचे उदाहरण म्हणून परिचित आहे. परंतु सोसायटीच्या दृष्टीने प्रश्न असा होता की, गिऱ्हाईक स्वतःच मांडणीवरून बाटली उचलते त्या दुकानात फार्मासिस्टाची देखरेख उरते काय. न्यायालय म्हणाले, विक्री पैसे घेण्याच्या जागी होते आणि तेथे फार्मासिस्ट हजर असतो, तेवढे पुरे. दुसरा खटला १९६८ चा. नव्या औषधदुकानांनी औषधेतर मालाची विक्री मर्यादित ठेवावी, असा नियम सोसायटीने सभासदांवर घालू पाहिला. बूट्स कंपनीच्या डिक्सन या संचालकाने त्यास आव्हान दिले आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने नियम सनदेबाहेरचा व व्यापारास अवास्तव निर्बंध घालणारा ठरविला. फार्मसीत कॅमेरे व सौंदर्यप्रसाधने विकावीत की नाहीत, हा वाद क्षुल्लक भासेल. पण व्यवसाय म्हणजे काय आणि दुकान म्हणजे काय, हेच त्यात विचारलेले होते, आणि १८८० प्रमाणेच याही वेळी न्यायालयाने दुकानाच्या बाजूने कौल दिला.

भारताने या प्रश्नाचे उत्तर निराळ्या रीतीने दिले. १९३०-३१ मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने औषधांच्या दर्जाबरोबरच ती हाताळणाऱ्यांच्या शिक्षणाचा प्रश्न मांडला. बनारस हिंदू विश्वविद्यालयात महादेवलाल श्रॉफ यांनी फार्मसीच्या पदवी शिक्षणाचा पाया घातला. १९३९ साली इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय पुढे मुंबईत आले. परंतु १९४८ चा फार्मसी कायदा झाला तेव्हा नोंदणी व शिक्षणाची सत्ता या संस्थेकडे न देता फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया व प्रांतिक मंडळे या स्वतंत्र वैधानिक संस्थांकडे देण्यात आली. असोसिएशन ऐच्छिक सभासदत्वाची विद्वत्संस्था व व्यवसायसंस्था राहिली. दीर्घ काळ कंपाउंडरचे काम केलेल्यांस पहिल्या नोंदणीत स्थान देण्याची १८६८ ची तडजोड मात्र येथेही टळली नाही. भारतीय व्यवस्था या विभागणीमुळे अधिक यशस्वी झाली असे नव्हे. कायद्याच्या कलम ४२ नुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टानेच द्यावे, आणि कित्येक दुकानांत भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे व गल्ल्यावर मनुष्य दुसराच, हे दृश्य महाराष्ट्रातील वाचकास अपरिचित नाही. पण व्यवसायाचा पुरस्कर्ता व व्यवसायाचा न्यायाधीश एकच असू नये, हे तत्त्व येथे प्रारंभीच मान्य झाले होते.

ब्रिटनमध्ये त्यास आणखी बासष्ट वर्षे लागली. १९८८ साली सोसायटीच्या नावामागे ‘रॉयल’ हे पद लागले. तिच्या एकत्रित सत्तेस आव्हान मात्र फार्मसीच्या बाहेरून आले. रुग्णांच्या हत्यांबद्दल दोषी ठरलेल्या एका डॉक्टरच्या प्रकरणाची चौकशी झाल्यावर, सर्वच वैद्यकीय व्यवसायांनी आपल्या सभासदांचा न्याय आपणच करावा काय, हा प्रश्न ऐरणीवर आला, आणि २००७ सालच्या सरकारी श्वेतपत्रिकेने नियमन व प्रतिनिधित्व अलग करण्याचे धोरण जाहीर केले. २७ सप्टेंबर २०१० रोजी नोंदवही, परीक्षणे व शिस्तीचे अधिकार जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलकडे गेले. सोसायटीचे सभासदत्व पुन्हा ऐच्छिक झाले. शाळा तर तिच्या हातून पूर्वीच, १९४९ साली, स्वतंत्र झाली होती व २०१२ मध्ये ती युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये विलीन झाली. सोसायटीकडे उरले ते ‘फार्मास्युटिकल जर्नल’, ग्रंथालय, संग्रहालय, ‘मार्टिंडेल’सारखे संदर्भग्रंथ, आणि ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सहकार्याने प्रसिद्ध होणारी ‘ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी’.